मालकच मिस्त्री असलेली मालवाहतूक सेवा आणि तिचे गॅरेज: एक परीक्षण

ज्या व्यवसायाचे हे परीक्षण आहे, त्याचे दोन भाग आहेत. एकीकडे मालवाहतुकीच्या गाड्या आहेत आणि दुसरीकडे त्याच आवारात चालणारे जड वाहनांचे गॅरेज आहे. दोन्हींचे मालक एकच गृहस्थ होते आणि गॅरेजातले मुख्य मिस्त्रीही तेच होते. आम्ही सर्वजण त्यांना काका म्हणत असू. त्यांच्या निधनानंतर ही सेवा पुढे घ्यावी की नाही, असे अनेकजण विचारत असतात. माझा माल त्यांच्या गाड्यांतून जात असे आणि माझ्या स्वतःच्या गाड्या त्यांच्या गॅरेजात दुरुस्त होत असत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला दोन्ही बाजूंनी देता येईल. मात्र काकांविषयी लिहिल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होणार नाही, कारण या सेवेत जे काही चांगले आहे ते त्यांच्या कामाच्या पद्धतीतून आलेले आहे, आणि जे काही अपुरे आहे त्याचे मूळही बव्हंशी तिथेच आहे.

काका लहान वयात क्लीनर म्हणून गाडीवर चढले, पुढे ड्रायव्हर झाले आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी एक जुनी गाडी विकत घेतली. ती गाडी सतत बिघडत असे आणि दुरुस्तीसाठी दुसऱ्याला द्यायला हाती पैसे नसत, म्हणून त्यांनी ती स्वतःच खोलायला सुरुवात केली. गाड्यांची संख्या वाढल्यावर त्यांना कचेरीत बसून भाडी ठरवण्याचे काम करता आले असते. त्यांनी ते काम घरच्यांकडे सोपवले आणि स्वतः गाडीखालीच राहिले. या निवडीमुळे त्यांचे गॅरेज इतरांहून वेगळे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाची स्वतःची गाडी उद्या भरलेल्या मालासह घाट उतरणार आहे, तो दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेकही त्याच नजरेने पाहतो. गाडी उभी राहिली की ड्रायव्हरचा पगार, कर्जाचा हप्ता आणि विम्याचा खर्च थांबत नाही, फक्त भाडे थांबते, हे त्यांना हिशेबाच्या वहीतून ठाऊक होते. म्हणून ते दुरुस्तीला उगाच वेळ लावत नसत, आणि घाई करून तीच गाडी पुन्हा आठवड्याभरात दारात येऊ देत नसत.

गाडी गॅरेजात आली की पान्याला हात लावण्यापूर्वी ते ड्रायव्हरला बाजूला घेऊन बसवत. आवाज चढावर येतो की उतारावर, इंजिन गार असताना की तापल्यावर, भरलेल्या गाडीत की रिकाम्या गाडीत, असे प्रश्न ते शांतपणे विचारत. मालकाने फोनवर सांगितलेल्या तक्रारीपेक्षा ड्रायव्हरच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास अधिक होता, आणि तो रास्तही होता, कारण गाडी रोज हाताखालून जाते ती ड्रायव्हरच्या. त्यानंतर ते इंजिन सुरू करायला सांगून धूर पाहत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेव्हा आधी एअर फिल्टर आणि टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) पाइप तपासायचे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तेव्हा पिस्टनच्या रिंग, व्हॉल्व्ह किंवा टर्बोचे सील पाहायचे. पांढरा धूर गार इंजिनात थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही तो राहिला तर न जळलेले डिझेल तरी बाहेर पडते आहे किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) तरी आत शिरते आहे. यात गुपित असे काही नाही, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असते. काकांचे वेगळेपण असे की धुरावरून ते लगेच निष्कर्ष काढत नसत. काय तपासायचे याचा फक्त क्रम ठरवत, आणि तो क्रम स्वस्त तपासणीपासून महाग तपासणीकडे जात असे. इंजिन खोलण्याचा निर्णय नेहमी शेवटचा असे. माझ्या एका गाडीचे इंजिन अन्यत्र थेट खोलायला सांगितले गेले होते. काकांकडे डिझेल टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपातली बारीक भेग सापडली, जिच्यातून हवा आत ओढली जात होती. पाइप बदलून, हवा काढून गाडी त्याच दिवशी रवाना झाली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण 15 ते 20 पट दाबली की ती 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 मध्ये यशस्वीपणे चालले, रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीचे इंजेक्शन पंप 1927 पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागले आणि त्यानंतर डिझेलवर चालणारा मालट्रक खऱ्या अर्थाने व्यवहारात आला. काकांचे शिक्षण याच यांत्रिक पंपांच्या काळात झाले. त्या इंजिनांत कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्यासाठी ते इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा नट किंचित सैल करत. ज्या नटाने इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. जुनी यांत्रिक नोझले साधारण 200 ते 250 बार (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाइतका दाब) दाबाला उघडतात, त्यामुळे योग्य काळजी घेऊन ही पद्धत चालत असे. पण कॉमन रेल इंजिनात, जिथे सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते, दाब 1,600 बार आणि त्याहूनही वर जातो. तिथे चालू इंजिनाचा नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा गाड्या येऊ लागल्या तेव्हा काकांनी आपली ही आवडती पद्धत त्या इंजिनांसाठी पूर्णपणे बंद केली आणि गॅरेजातल्या प्रत्येक पोऱ्याला तसे बजावून सांगितले. आयुष्यभर हातात बसलेली सवय वयाच्या त्या टप्प्यावर सोडणे किती अवघड असते हे कारागिरांना ठाऊक आहे, म्हणून मी या गोष्टीला त्यांच्या कौशल्याइतकेच महत्त्व देतो.

इंजिनातल्या दुरुस्त्यांत त्यांचा सर्वांत मोठा आग्रह कूलंटविषयी असे. रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरण्याची सवय अनेक मालकांना असते आणि गंज लागेल एवढीच भीती त्यांना वाटते. प्रत्यक्षात मोठ्या डिझेल इंजिनांत, जिथे लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या) बाहेरून थेट पाणी खेळते, तिथे धोका वेगळाच असतो. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर सूक्ष्म कंप पावतो, त्यामुळे पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन लायनरच्या पृष्ठावर फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर धातूचा कण निघतो. कालांतराने लायनरला आरपार छिद्र पडते आणि पाणी ऑइलमध्ये उतरते. योग्य कूलंटमधील रसायने लायनरवर संरक्षक थर धरतात आणि ही झीज रोखतात. काकांनी असा छिद्र पडलेला एक लायनर गॅरेजच्या फळीवर ठेवला होता आणि कूलंटच्या खर्चाबद्दल कुरकुर करणाऱ्या मालकाच्या हातात ते तो देत असत. त्यानंतर फारशी चर्चा उरत नसे.

त्यांचे खरे काम मात्र ब्रेकचे होते, असे मी मानतो. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. मागच्या चाकांवरच्या चेंबरमध्ये, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या हवेच्या डब्यात, एक जबरदस्त स्प्रिंग दाबून ठेवलेली असते; हवेचा दाब तिला मागे रेटून ठेवतो, आणि दाब गेला तर स्प्रिंग सुटून ब्रेक आपोआप लागतात. हवा संपली तर गाडी थांबावी अशी ही रचना आहे. तीच स्प्रिंग दुरुस्तीच्या वेळी जीव घेऊ शकते. लांब बोल्टने ती आधी जखडल्याशिवाय चेंबरचा तो भाग उघडला तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. काकांच्या गॅरेजात हे चेंबर उघडून आतला रबर बदलण्याचे काम होत नसे. सबंध नवा चेंबर बसवला जाई आणि जुना निकामी केल्याशिवाय भंगारात जात नसे. ग्राहकाला हा जास्तीचा खर्च वाटे. माझ्या मते तो घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, कारण आपल्या हाताखालच्या मुलांचे प्राण ते ग्राहकाच्या बचतीसाठी पणाला लावायला तयार नव्हते.

हवेच्या टाक्यांच्या तळाचे झडप रोज उघडून पाणी सोडावे, असे ते प्रत्येक ड्रायव्हरला सांगत, आणि नुसते सोडू नका, काय बाहेर येते ते पाहा, असेही सांगत. पाण्याबरोबर तेल दिसले तर कॉम्प्रेसरच्या रिंग झिजल्या आहेत. स्वयंचलित स्लॅक ॲडजस्टर (ब्रेक झिजतील तसे त्यांचे अंतर आपोआप जुळवणारा भाग) असलेल्या गाड्यांबाबत त्यांची शिस्त विशेष उल्लेखनीय होती. अशा गाडीत ब्रेक दाबल्यावर पुशरॉड (चेंबरमधून बाहेर येणारा दांडा) मर्यादेबाहेर सरकू लागला तर अनेक ठिकाणी ॲडजस्टर पान्याने फिरवून अंतर कमी करतात आणि गाडी सोडून देतात. ब्रेक त्या दिवशी चांगला लागतो, पण ॲडजस्टर आपले काम का करत नाही हा प्रश्न तसाच राहतो आणि काही दिवसांनी अंतर पुन्हा वाढते. काका अशा वेळी कॅमचे बुश, पिना, ब्रेकच्या लायनरची (ड्रमला घासणाऱ्या अस्तराची) जाडी आणि ॲडजस्टरची बसणी हे सगळे पाहत. दोष सापडेपर्यंत ते गाडी सोडत नसत. एकदा भरलेल्या गाडीचा मालक रात्रीच निघण्याचा हट्ट धरून बसला होता. काकांनी त्याला सांगितले, “तुम्ही माझ्यावर रागावा, चालेल, पण ही गाडी आज उताराला लागणार नाही.” सकाळी सुटा भाग आला, बसवला गेला आणि गाडी गेली. त्या मालकाने पुढे आपल्या सगळ्या गाड्या तिथेच आणायला सुरुवात केली.

उताराविषयी बोलताना क्लेसी कमिन्स यांचा उल्लेख करावासा वाटतो. तेही अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण न घेतलेले मिस्त्रीच होते आणि 1919 मध्ये त्यांच्या नावाने डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. 1931 मध्ये आपल्याच इंजिनावर चालणारा ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातील कहोन घाट उतरताना त्यांच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले आणि पुढे रूळ ओलांडणाऱ्या आगगाडीवर आदळता आदळता ते बचावले. इंजिनालाच ब्रेक बनवता येईल का, या विचाराचा त्यांनी पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा इंजिन ब्रेक बाजारात आला. आज लांब उतारावर जड गाड्या ज्या यंत्रणेच्या भरवशावर उतरतात, त्यातली एक महत्त्वाची यंत्रणा अशी एका मिस्त्रीने स्वतः स्टिअरिंग धरलेले असताना आलेल्या संकटातून जन्मली. काकांनी शोध लावला नाही, पण घाट उतरताना तापलेल्या लायनरचा वास त्यांनीही घेतलेला होता. म्हणूनच ब्रेकच्या कामाबरोबर ते ड्रायव्हरला उतरण्याची रीत समजावत: उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक सतत दाबून ठेवू नका. ड्रम तापून फुगला की लायनर त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते, त्यामुळे पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. दुरुस्तीच्या बिलात या समजावण्याचा आकार कधीच नसे.

चाकांच्या कामातही हाच काटेकोरपणा होता. चाक काढून बसवले की नट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच) आवळले जात आणि पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घ्या, अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधली जाई. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर तो नट सैल आहे असे समजा, हेही तीत लिहिलेले असे. टायरच्या झिजेवरून ते गाडीचा पूर्वेतिहास सांगत: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, हात फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखी धार लागली तर अलाइनमेंट बिघडलेले. रिंगच्या डिस्कचे, म्हणजे सुट्या लोखंडी रिंगने डिस्कवर अडकवलेले, टायर हवा भरताना लोखंडी पिंजऱ्यातच ठेवले जात. पिंजरा नसलेल्या ठिकाणी रिंग उडून माणसे दगावल्याच्या घटना या धंद्यात घडत आलेल्या आहेत, त्यामुळे जड वाहनांचे कोणतेही गॅरेज पारखताना मी प्रथम हा पिंजरा आहे का आणि तो खरोखर वापरला जातो का, हे पाहतो.

बिलाविषयी थोडक्यात सांगतो. मजुरी आणि सुटे भाग वेगवेगळे लिहिले जात, काढलेला जुना भाग ट्रेमध्ये ठेवून दाखवला जाई, आणि प्रत्येक गाडीची स्वतंत्र नोंदवही असे. तीत किती किलोमीटरला कोणते काम झाले, ऑइल किती भरले, कोणता भाग बसवला आणि कोणाच्या हाताने बसवला, हे सारे असे. दर बाजारात सर्वांत कमी कधीच नव्हते. पण वर्षाअखेरीस माझ्या गाड्या किती वेळा वाटेत बंद पडल्या याचा विचार केला की ते मला वाजवी वाटत.

आता मालवाहतुकीच्या बाजूविषयी. ग्राहक म्हणून माझा तिथला सर्वांत चांगला अनुभव म्हणजे नकार ऐकायला मिळणे, हे वाचकांना कदाचित विचित्र वाटेल. ठरलेल्या क्षमतेहून अधिक माल भरायला काकांनी मला एकापेक्षा अधिक वेळा नकार दिला आणि प्रत्येक वेळी कारण सांगितले. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांवर मुद्दाम भरलेले ट्रक सतत चालवून एक मोठी चाचणी घेतली गेली. आसावरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान ढोबळमानाने त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते, असे तीतून दिसले. म्हणजे आसावरचा भार 20 टक्क्यांनी वाढला तर नुकसान सुमारे दुप्पट होते आणि भार दुप्पट झाला तर ते सुमारे 16 पट होते. काकांना हा नियम ठाऊक होता, पण त्यांचा मुद्दा गाडीचाही होता: जादा भाराने आधी टायर तापतो, मग पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, मग चाकाच्या हबचे बेअरिंग जाते, आणि ब्रेकला ज्या वजनासाठी बनवले त्याहून अधिक वजन थांबवावे लागते. जास्तीच्या भाड्यात मिळालेला पैसा आपण गॅरेजात परत देतो, असे ते म्हणत, आणि गॅरेज त्यांचेच असूनही ते हे म्हणत.

माल कसा रचायचा यावरही त्यांची देखरेख असे. एकूण वजन मर्यादेत असूनही ते सगळे मागे पडले तर पुढचा आस हलका होतो आणि स्टिअरिंग सुटल्यासारखे वाटते. सगळे पुढे पडले तर पुढच्या आसाची मर्यादा ओलांडली जाते. माल बांधताना पट्टे मोजून लावले जात. जोरात ब्रेक दाबल्यावर माल पुढे सरकू नये यासाठी मालाच्या वजनाच्या 0.8 पट, आणि बाजूला व मागे 0.5 पट बळ पेलेल अशी बांधणी असावी, असे युरोपीय मानक सांगते. तेवढी बांधणी त्यांच्या गाड्यांवर दिसत असे, आणि थोडे अंतर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे पुन्हा ताणण्याची सक्त सूचना ड्रायव्हरला असे, कारण माल बसला की पट्टा सैल होतोच. माझ्या नाजूक यंत्रभागांची वाहतूक करताना नुकसानीची तक्रार करण्याची वेळ माझ्यावर आली नाही. गाडीला उशीर होणार असेल तर मी विचारण्यापूर्वी कचेरीतून फोन येई आणि उशिराचे खरे कारण सांगितले जाई.

ड्रायव्हरांच्या विश्रांतीबाबत ते तडजोड करत नसत. काही देशांच्या कायद्यात यासाठी स्पष्ट मर्यादा आहेत. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. काकांनी आपल्या गाड्यांसाठी कायद्याच्या सक्तीची वाट पाहिली नाही. झोप येत असेल तर गाडी सुरक्षित जागी लावून झोपावे आणि ग्राहकाला काय सांगायचे ते कचेरी पाहील, असा त्यांचा नियम होता. या नियमामुळे माझा माल कधीकधी उशिरा पोहोचला आणि त्याचा मला त्रासही झाला, तरीही मी ही बाब सेवेच्या गुणांत धरतो. त्यांच्याकडचे ड्रायव्हर वर्षानुवर्षे टिकून होते; आपल्या मालाची आणि वाटेची माहिती असलेला माणूस पुन्हा पुन्हा भेटणे ही ग्राहकासाठी मोठी सोय असते.

उणिवा सांगायलाच हव्यात. काका कामाला किती वेळ लागेल हे आधी सांगत नसत. “उघडल्यावर कळेल,” एवढेच उत्तर मिळे. ते प्रामाणिक होते, पण पुढच्या भाड्याचे नियोजन करणाऱ्याला त्याचा उपयोग नसे. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलची (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांची) शेवटची जुळणी ते दुसऱ्या कोणावर सोडत नसत, त्यामुळे ते आजारी पडले किंवा बाहेरगावी गेले की ती कामे अडून राहत. धूर शुद्ध करणाऱ्या आधुनिक यंत्रणांशी त्यांची जवळीक उशिरा झाली. नव्या गाड्यांत 32.5 टक्के युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी केली जातात, काजळी पकडणारा फिल्टर असतो, अनेक सेन्सर असतात आणि त्यातला एकही रुसला तर इंजिनाची ताकद आपोआप उतरते. या बिघाडांसाठी संगणक जोडून निदान करावे लागते. काकांनी ते यंत्र आणले, चालवायला माणूसही ठेवला, पण स्वतः त्यांना त्या कामात गोडी लागली नाही आणि गॅरेजची ही बाजू कमकुवत राहिली.

त्यांच्या कष्टांविषयी लिहिताना मला वाईट वाटते. गुडघे दुखत असतानाही ते गाडीखाली सरपटत जात, आणि उतारवयात त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. वर्षानुवर्षे उघड्या इंजिनाशेजारी कान ठेवून काम केल्याचा तो परिणाम असावा. मुलांना ते कानात घालायचे बोळे आणि हातमोजे द्यायचे, स्वतः मात्र क्वचितच वापरायचे. त्यांनी आपल्या शरीराची देखभाल आपल्या गाड्यांइतकी केली असती तर आज ते आपल्यात असते का, हा विचार त्यांच्या ओळखीतल्या प्रत्येकाच्या मनात येऊन गेला आहे.

शिकवण्याची त्यांची रीत कडक होती, पण अपमानाची नव्हती. नव्या मुलाला पहिले अनेक महिने सुटे भाग धुण्याचे आणि ओळीने मांडण्याचे काम असे. कंटाळलेल्या मुलाला ते म्हणत, “आधी झीज पाहायला शीक, मग बसवायला शीक.” बेअरिंगच्या निळसर झालेल्या कड्या, पिस्टनच्या एका बाजूचे ओरखडे, गिअरच्या दातावरची चमक कुठे सरकली आहे, हे सारे धुताना हाताला आणि डोळ्यांना कळत जाते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या अनेकांनी पुढे स्वतःची गॅरेजे काढली. आपला कारागीर गेला म्हणून त्यांनी कोणावर राग धरल्याचे मी पाहिले नाही. उलट कोणाला जड जॅक हवा असेल किंवा गिअरबॉक्सची जुळणी अडली असेल तर ते आपले साहित्य नेऊ देत. त्यांच्या अंत्ययात्रेला हे सगळे कामाचे कपडे घालूनच आले होते, कारण बातमी कळताच ते गाड्या तशाच सोडून निघाले होते.

आज मालवाहतुकीचे काम त्यांची मुलगी पाहते. ती आधीपासून कचेरीत होती, त्यामुळे भाडे ठरवणे, फोन करणे, जादा माल नाकारणे या साऱ्यात मला फरक जाणवलेला नाही. गाड्यांची संख्या थोडी कमी केली आहे, म्हणून घाईच्या दिवसांत आगाऊ सांगून ठेवावे लागते. गॅरेज काकांचे सर्वांत जुने सहकारी सांभाळतात. ब्रेक, हब, पाटे, स्टिअरिंग, क्लच आणि यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी मी आजही निःशंकपणे तिथेच गाडी पाठवतो. नोंदवह्या चालू आहेत, जुने भाग दाखवले जातात आणि पिंजरा वापरला जातो. गिअरबॉक्सच्या कामात काकांचा हात नाही हे जाणवते, पहिल्या जुळणीनंतर कधीकधी पुन्हा खोलावे लागते, पण त्या दुसऱ्या वेळेची मजुरी ते घेत नाहीत. सेन्सर आणि धूरशुद्धीच्या बिघाडांसाठी मात्र निर्मात्याच्या अधिकृत केंद्राकडे जाणे सध्या तरी अधिक शहाणपणाचे आहे, आणि गॅरेजवाले स्वतःच तसे सांगतात. नवे मिस्त्री आता कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज लिहून देतात, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गाडीबरोबर नेहमीचाच ड्रायव्हर पाठवावा आणि आवाज, धूर, तापमान यांविषयी त्याने काय पाहिले ते सांगायला त्याला वेळ द्यावा; तिथली तपासणी अजूनही त्याच संभाषणापासून सुरू होते.